ट्रेकचा लीडर शेवटून घडतो

डोंगर चढता येणं आणि वीस माणसं डोंगरावर नेऊन परत आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रेकिंग ग्रुपमध्ये पहिलं काम ज्याला उत्तम जमतं त्याच्याच गळ्यात दुसरं पडतं. मग होतं असं, की सगळ्यात दमदार पोरगा पुढे निघतो, वीस मिनिटांत झाडीआड जातो आणि मागच्यांना वाटेच्या फाट्यावर दोन पायवाटा दिसतात. लीडर कुठल्या वाटेने गेला ते कुणालाच माहीत नसतं.

सह्याद्रीत लीडर तयार करायचा असेल तर त्याला आधी सगळ्यांच्या मागे चालायला लावा, मग मधे आणि मग पुढे. हा क्रम उलटा केला की घोटाळे होतात. (यासाठी मावळ्यांची उदाहरणं देण्याची आपल्याकडे फार हौस आहे. ते राहू द्या. गुंजवण्याहून राजगड चढणाऱ्या ऑफिसच्या मंडळींना मोबाइलचं चार्जिंग आणि बुटांचे निघालेले तळवे सांभाळणारा माणूस हवा असतो.)

कुणाला निवडायचं

भाषणावरून आणि दंडावरून निवडू नका. दोन-तीन ट्रेकमध्ये नुसतं लक्ष ठेवा. जेवणाच्या वेळेपर्यंत नवख्यांची नावं कुणाला पाठ झाली? न सांगता माणसं कोण मोजतो? गडावरच्या पाण्याच्या टाक्यावर पोचल्यावर स्वतःची बाटली भरून झाल्यावर दुसऱ्याची कोण मागून घेतो? "माझा गुडघा दुखतोय, जरा हळू चला," हे मोकळेपणाने कोण सांगतो? स्वतःचं दुखणं लपवणारा माणूस दुसऱ्याचं ओळखू शकत नाही, म्हणून हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

दोन गोष्टी दिसल्या तर नाव बाजूला ठेवा. "मला वाट आठवत नाही" असं म्हणता न येणं ही एक. हळू चालणाऱ्यावर चिडणं ही दुसरी. शिकवून पहिली कधी कधी सुधारते, दुसरी क्वचित.

अंगात ताकद लागतेच, पण तिचं माप वेगळं आहे. गड उतरून पायथ्याला आल्यावर, मागे राहिलेल्या एखाद्याला आणायला पुन्हा अर्ध्या डोंगरापर्यंत जाता येईल का? उत्तर "नाही" असेल तर त्या गडावर तो माणूस सदस्य म्हणून जाऊ शकतो, लीडर म्हणून नाही. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट शिखरावर गेले नाहीत. 26 मे रोजी ते आणि दा नामग्याल पुढच्या जोडीसाठी सामान वाहून साधारण 8,300 मीटरपर्यंत गेले, ते तिथे ठेवून खाली उतरले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनझिंग शिखरावर पोचले.

पहिला टप्पा : सगळ्यांच्या मागे

किमान दहा ट्रेक, आणि तेही पावसाळा, हिवाळा, उन्हाळा या तिन्ही ऋतूंत. शक्यतो एकच गड दोन ऋतूंत करायला लावा. जुलैत जिथे पाय घसरतो तिथे मार्चमध्ये घसाऱ्यावरून (सुट्ट्या माती-खड्यांच्या उतारावरून) घसरतो, आणि जुलैत वाटेवर वाहणारं पाणी मार्चमध्ये नसतं. हे वाचून कळतं, पण मुरत नाही.

मागच्या माणसाच्या सॅकमध्ये स्वतःच्या पाण्याखेरीज दोन लिटर जास्तीचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची सहा पाकिटं, दोन क्रेप बँडेज, दोन हेडटॉर्च आणि पाच-सहा मीटर मजबूत नायलॉनची दोरी. ही दोरी बहुतेक वेळा बुटासाठीच लागते. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळवा चढावर सुटतो, तेव्हा तो बुटाला करकचून बांधायचा.

त्याचा नियम एकच : माझ्यामागे कुणी नाही. हा नियम मोडतो तो लघवीला थांबलेल्यांमुळे. माणूस झाडीत जातो, मागचा पुढे निघून जातो आणि झाडीतला एकटा उरतो. उपाय सोपा आहे. आडोशाला जाणाऱ्याने सॅक वाटेच्या कडेला ठेवायची. सॅक दिसली की मागच्याने तिथे थांबायचं. मुलींना हाक मारून सांगण्याचा संकोच असतो, सॅक ठेवण्यात तो नसतो.

मागे चालताना माणूस वाचायला शिकायचं. गप्पा मारणारा अचानक गप्प होतो. सपाट जागेवर ठेच लागते. प्रत्येक सावलीत बसावंसं वाटतं. अशा वेळी "ठीक आहेस ना?" विचारू नका, उत्तर कायम "हो" येतं. "बाटलीत किती उरलंय?" आणि "शेवटची लघवी कधी झाली?" हे विचारा. नऊ वाजल्यापासून नाही आणि आता एक वाजलाय, तर सावलीत बसवा, ओआरएस द्या, पुढच्याला शिट्टी द्या. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नाही.

उन्हाळ्यात माणूस बडबडायला लागला, भलतंच बोलू लागला, अडखळू लागला तर तो थकवा समजू नका. तो उष्माघात असू शकतो. जे पाणी हाताशी असेल ते अंगावर ओता, मान, काखा, जांघा ओल्या ठेवा, वारा घाला आणि मदत मागवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दुसरा टप्पा : मधे

मधल्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून ते नीट शिकवलंही जात नाही. गट लांबतो, आणि तुटतो तो नेहमी मधे. खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडाला जाताना टोलार खिंडीच्या वर कातळटप्पा संपला की टेकड्या आणि ढोरवाटा सुरू होतात. धुक्यात तिथली प्रत्येक वाट मळलेलीच वाटते. अशा जागी साखळीचा नियम लावायचा : फाट्यावर पोचलेला माणूस मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत हलत नाही. मागचा दिसला, त्याने हात केला, मगच पुढे. नियम सांगायला दहा सेकंद लागतात. पाळला जातोय की नाही ते बघणं हे मधल्याचं दिवसभराचं काम.

तिसरा टप्पा : पुढे, पण पाठीशी कुणीतरी

पहिले चार-पाच ट्रेक नवा लीडर पुढे आणि जुना लीडर शेवटी. इथे परीक्षा जुन्याची असते. नवा माणूस वाट चुकून दहा मिनिटं भलतीकडे चालला तर चालू द्या. कुणाला इजा होईल अशी वेळ आली तरच तोंड उघडा. दर फाट्यावर मागून "अरे, डावीकडे!" ओरडलात तर तो प्रत्येक फाट्यावर मागे बघायला शिकेल, आणि तुम्ही नसताना मागे बघून त्याला काही मिळणार नाही.

गडांचाही क्रम असतो. लोहगड, किंवा लोणावळ्याहून राजमाची : वाट मळलेली, धोका कमी. मग गुंजवण्याहून राजगड. मग खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड, मुक्कामासह. बेलपाड्याची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग, लिंगाणा ही नावं या यादीत येत नाहीत. तिथे दोराचं तंत्र आधी येतं, आणि ज्याला ते येत नाही त्याने तिथे नेतृत्व करू नये, मग तो कितीही समंजस असो.

नवख्या वाटेवर गावातला वाटाड्या घ्या आणि मोबदला निघण्याआधी ठरवा. वाटाड्या घेतला म्हणून लीडरची जबाबदारी संपत नाही. वाट त्याची, माणसं तुमची. तो त्याच्या चालीने चालेल, त्याला थांबवणं तुमचं काम.

निर्णय घरीच घ्यायचे

डोंगरावर दमलेलं डोकं चुकीचे निर्णय घेतं, म्हणून जितके निर्णय आधी घेता येतील तितके कागदावर घ्या.

गटाचा आकडा : आठ ते दहा जणांमागे एक अनुभवी माणूस. वीस जण असतील तर पुढे, मधे, मागे असे तिघे हवेतच. दोघेच मिळाले तर नावं पंधरावर थांबवा. "अजून दोघंच आहेत, घे ना," या विनंतीला नकार देणं हा लीडरचा पहिला निर्णय असतो. तो जमला नाही, तर वरचेही जमत नाहीत.

वेळ : नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये दिलेला हिशोब आजही उपयोगी आहे. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा अंतर 6 किलोमीटर आणि चढ 800 मीटर. अंतराचा 1 तास 12 मिनिटं, चढाचा 1 तास 20 मिनिटं, एकूण अडीच तास. हा हिशोब धडधाकट, सवयीच्या माणसाचा. मिश्र गटाला दीडपट धरा, म्हणजे पावणेचार ते चार तास. उतरायला अर्धा वेळ लागतो असं लोक धरतात आणि तिथेच फसतात. घसाऱ्यावर किंवा शेवाळलेल्या कातळावर उतरायला चढाच्या पाऊणपट वेळ लागतो.

आता उलटं मोजा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाचला पायथा गाठायचा, उतरायला तीन तास, म्हणजे दोनला माथा सोडायचा. अर्धा तास हाताशी ठेवला तर परत फिरायची वेळ दीड. गट कुठेही असो, माथा शंभर पावलांवर दिसत असो, दीड म्हणजे दीड. ही वेळ सकाळी सगळ्यांना सांगून ठेवली की दुपारी तुमच्यावर रागावायचं कारण उरत नाही. न सांगता दुपारी जाहीर केली तर तुम्ही घाबरट ठरता.

पाणी माणशी तीन लिटर, मार्च ते मे चार. प्रत्येकाकडून चार गोष्टी लेखी घ्या : चालू औषधं, दमा किंवा फिट्स, कशाची अॅलर्जी, घरचा नंबर. दम्याच्या माणसाचा पंप त्याच्या सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवा, आणि तो कुठे आहे हे मागच्या माणसाला माहीत हवं. शहरात एकाकडे पूर्ण आराखडा ठेवा : वाट, नावं, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

पायथ्याशी

बोलणं दहा मिनिटांत संपवा. अकराव्या मिनिटाला कुणी ऐकत नाही. वाट कशी आहे, अवघड जागा कुठे, परत फिरायची वेळ, सॅकचा नियम, साखळीचा नियम, शिट्ट्या. शिट्ट्यांचा अर्थ : एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे कुठे आहात, आणि मिनिटाला सहा म्हणजे संकट. "काळजी करू नका, सोपा आहे" हे वाक्य टाळा. ज्याला तो सोपा वाटणार नाही तो दुपारपर्यंत गप्प बसेल, आणि तेच तुम्हाला नको आहे. "खिंडीपर्यंतचा चढ दमवतो, तिथे सगळेच थांबतात," असं सांगितलं की माणूस थांबायला लाजत नाही.

मग नंबर द्या. डोळ्यांनी मोजू नका, प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा. अवघड टप्प्यानंतर, ओढ्यानंतर, माथा सोडताना आणि पायथ्याला पुन्हा. सगळ्यात नेहमीचा गोंधळ म्हणजे लीडर स्वतःला कधी धरतो, कधी नाही, आणि "वीस की एकवीस?" यावर अर्धा तास जातो. लीडर एक नंबर, मागचा माणूस शेवटचा नंबर, हे कायमचं ठरवून टाका.

वाटेवर

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. वीस मिनिटांनी पहिला थांबा, बुटांच्या लेस आणि जास्तीचे कपडे नीट करण्यासाठी. पुढे साधारण पन्नास मिनिटांनी पाच मिनिटं. इथली चूक जवळजवळ प्रत्येक गट करतो : पुढचे बसून राहतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी "चला" होतं. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य मिनिटं मिळतात. पाच मिनिटांचं घड्याळ शेवटचा बसल्यावर सुरू करा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. गटाची चाल आपोआप त्याची होते आणि त्याला मागे पडल्याची लाज वाटत नाही. पुढे पळायची घाई असणाऱ्यांना सामान द्या.

वाट चुकली असं वाटलं तर गट बसवा. दोन अनुभवी माणसं शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जातील, बाकी कुणी हलणार नाही. कोकणात उतरताना नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, दिसली की "ही नाळ गावातच जाईल" म्हणून घुसू नका. सह्याद्रीतल्या कित्येक नाळा कोरड्या धबधब्याच्या कड्यावर संपतात. दोन कातळ उड्या मारून उतरलात की परत चढता येत नाही आणि पुढे जाता येत नाही. अडकलेल्यांचा प्रवास पुष्कळदा असाच सुरू होतो.

पावसाळ्यात गुडघ्याच्या वर जोरात वाहणारा, गढूळ झालेला ओढा ओलांडायचा नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या पठारावर तो पडत असतो. थांबा. पाऊस उघडला की डोंगरातले ओढे बहुधा काही तासांत उतरतात. हे तास काढता यावेत म्हणूनच सॅकमध्ये जास्तीचं खाणं असतं.

आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा, फोटोसाठी जवळ जाणं, सगळं बंद. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून लांब पळायचं, हात झटकायचे नाहीत. गट एकत्र ठेवायची सवय इथे अंगाशी येते. पांगू द्या, आणि आधी ठरवलेल्या जागी गोळा करा. सर्पदंशात जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. अवयव हलू न देता माणसाला उचलून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

परत फिरायचं कसं सांगायचं

मतदान घेऊ नका. दमलेला माणूस वीस जणांसमोर "परत जाऊ" म्हणून हात वर करत नाही, त्यामुळे कौल कायम वर जायचाच लागतो. तिन्ही अनुभवी माणसं बाजूला घ्या, सगळ्यात नव्याला आधी बोलू द्या, स्वतः शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात तर बाकीचे माना डोलावतील. मग गटाला सांगा : "दीड वाजलाय, बाटल्या निम्म्यावर आल्यात. आपण इथून फिरतोय. पाच मिनिटांत नंबर." कारण एका वाक्यात आणि लगेच पुढचं काम. माफी मागायची नाही, वाद घालायचा नाही. "अजून पंधराच मिनिटं" म्हणणारा एक निघतोच. त्याला गट फोडून वर जाऊ देऊ नका. त्या पंधरा मिनिटांचा तास होतो आणि एकोणीस माणसं त्याच्यासाठी अंधारात उतरतात.

कुणी पडलं तर

लीडरने स्वतः पट्टी बांधायला बसू नये. जखमेकडे बघणाऱ्याला बाकी काही दिसत नाही. एकाला उपचार, एकाला फोन, एकाला उरलेला गट लांब नेऊन बसवायचं आणि खायला द्यायचं काम. तुम्ही उभे राहा, घड्याळ बघा. फोन 108 किंवा 112 ला, आणि पायथ्याच्या गावाला. गावकरी सगळ्यात आधी पोचतात आणि डोली बांधणं त्यांना माहीत असतं. राज्यातल्या बचाव पथकांचं काम महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर जुळवतं. त्यांचा नंबर निघायच्या आदल्या दिवशी तिघांच्याही फोनमध्ये हवा. निरोप आधी कागदावर लिहा : जागा, किती जण, कुठे लागलंय, शुद्ध आहे का, पाणी किती, बॅटरी किती. रेंजसाठी धडपडून लागलेला फोन मधेच तुटतो, त्यामुळे पहिलं वाक्य जागेचं.

कोर्स करावा का

करावा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 ची. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि पुढच्या अॅडव्हान्ससाठी त्यात 'ए' श्रेणी लागते. पण तिथे शिकवतात बर्फ, दोर, शिस्त. मेच्या उन्हात चिडचिडलेल्या वीस जणांना सांभाळणं तिथे शिकवलं जात नाही. आधी प्रथमोपचाराचा कोर्स करा, तो पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतो. पैसे घेऊन ट्रेक आयोजित करणार असाल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी लागते, तेही बघून घ्या.

उतरल्यावर

तिघांनी तीन दिवसांच्या आत बसायचं. फोटो बघायला नाही, वही लिहायला. कुठल्या थांब्याला किती वाजता पोचलो आणि ठरलं होतं किती. पाणी कुठे होतं, कुठे आटलं होतं. कोण मागे पडलं आणि ते आधी कुणाच्या लक्षात आलं. कुठला नियम कुणी मोडला, लीडरने मोडला असेल तर तोही. कुठल्या निर्णयाला उशीर झाला. काहीच चुकलं नाही असं वाटलं तर गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याला फोन करा, त्याला आठवत असतं. आणि पानाच्या शेवटी पुढच्या ट्रेकला सगळ्यांच्या मागे कोण चालणार, त्या नवीन मुलाचं किंवा मुलीचं नाव.